ट्रान्झिट डिजिटल करताना सुरुवात शेवटच्या टोकाकडून करा

बंदरात उतरलेला कंटेनर ट्रकवर चढतो आणि शेजारच्या भूवेष्टित देशाकडे निघतो. बंदर ज्या देशात आहे तिथे त्या मालावर आयातशुल्क लागत नाही, कारण तो तिथे विकला जाणार नसतो, नुसता पार होणार असतो. पण वाटेत कुठेतरी तो गुपचूप उतरवून बाजारात गेला तर? या एका शंकेच्या बंदोबस्तासाठी जी सगळी यंत्रणा उभी आहे, तिचं नाव कस्टम्स ट्रान्झिट. जगात ३२ भूवेष्टित विकसनशील देश आहेत आणि त्यांच्या व्यापाराचा मोठा भाग याच यंत्रणेतून जातो.

यंत्रणेचे भाग चार. मालाचं घोषणापत्र, बुडू शकणाऱ्या शुल्काची हमी, कंटेनरचं सील आणि माल ठरल्या ठिकाणी पोहोचल्यावर व्यवहार बंद करण्याची नोंद. डिजिटल करायचं ठरलं की बहुतेक प्रकल्प पहिल्या भागापासून सुरू होतात. घोषणापत्राचा फॉर्म स्क्रीनवर येतो, एजंट तो भरतो, मग त्याचा प्रिंट काढतो, त्यावर शिक्का मारून घेतो आणि ड्रायव्हरच्या हातात देतो. पुढे ये रे माझ्या मागल्या. माझं म्हणणं असं की काम चौथ्या भागापासून मागे यावं. माल पोहोचल्याची खबर निघाल्या कार्यालयाला, म्हणजे माल जिथून निघाला त्या कस्टम्स कार्यालयाला, किती लवकर आणि किती खात्रीने मिळते, यावर बाकीच्या तिन्ही भागांचा फायदा अवलंबून आहे.

हा धडा युरोपने महागात शिकला. तिथे पूर्वी घोषणापत्राची एक प्रत शिक्का मारून टपालाने निघाल्या कार्यालयाकडे परत यायची. शिक्के बनावट निघू लागले. सिगारेटींसारखा भरपूर कराचा माल कागदोपत्री ‘पोहोचलेला’ आणि प्रत्यक्षात बाजारात उतरलेला असायचा. टपालाला लागणारा वेळ चोरांच्या पथ्यावर पडायचा, कारण गडबड लक्षात येईपर्यंत कंपनीच गायब झालेली असे. प्रकरण इतकं वाढलं की मास्ट्रिख्त कराराने मिळालेल्या अधिकाराखाली युरोपियन संसदेने पहिली चौकशी समिती नेमली ती याच विषयावर. तिचा अहवाल १९९७ मध्ये आला आणि पुढे एनसीटीएस ही संगणकीय ट्रान्झिट व्यवस्था उभी राहिली. जुलै २००५ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक घोषणापत्र सर्वसाधारणपणे बंधनकारक झालं. आज ही व्यवस्था युरोपियन संघाबाहेर तुर्कस्तान, युक्रेनपर्यंत पोहोचली आहे.

हा लेख मुख्यतः कस्टम्स खात्यात, मंत्रालयात किंवा सॉफ्टवेअर पुरवठादाराकडे बसून हे काम करणाऱ्यांसाठी आहे. वाहतूकदार आणि एजंट यांच्या कामाचंही वाटेत येईल.

पायरी १ : एका फाइलबरोबर सीमेपर्यंत जा

सॉफ्टवेअरची निविदा काढण्याआधी एक खरी खेप निवडा आणि बंदराच्या गेटपासून शेजारच्या देशातल्या शेवटच्या कार्यालयापर्यंत तिच्याबरोबर जा. खात्याच्या नियमपुस्तिकेतला प्रवाह-तक्ता पुरत नाही, कारण त्यात ट्रक रात्रभर कुठे उभा राहतो हे नसतं. प्रत्येक शिक्क्यापाशी विचारा: हा शिक्का पुढे कोण बघतं? तो नसेल तर कोणाचं काम थांबतं? याची प्रत कुठे जाते आणि तिथे तिचं काय होतं? अनेक शिक्क्यांचं उत्तर ‘आधीपासून आहे म्हणून’ असंच निघतं. असे शिक्के संगणकावर आणू नका, रद्द करा. नाहीतर तेच कागदी घोडे स्क्रीनवर नाचतील.

वेळ मोजताना खिडकीवरची मिनिटं मोजून भागत नाही. मोजायचं ते एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘टाइम रिलीज स्टडी’ ही पद्धत यासाठीच आहे आणि ती मोफत उपलब्ध आहे. हे आकडे नीट लिहून ठेवा. वर्षभराने प्रकल्पाचा उपयोग काय झाला असं कोणी विचारलं तर दाखवायला दुसरं काही नसतं.

पायरी २ : कायदा आधी, कोड नंतर

हे काम कंटाळवाणं असतं म्हणून मागे पडतं आणि शेवटी गाडं इथेच अडतं. प्रश्न साधे आहेत. इलेक्ट्रॉनिक घोषणापत्र कोर्टात पुरावा म्हणून चालेल का? सही कोणत्या प्रकारची लागेल? शेजारच्या देशाच्या अधिकाऱ्याने संगणकावर ‘माल पोहोचला’ असं नोंदवलं तर आपला देश त्या नोंदीवर हमी मोकळी करू शकतो का, की मूळ कागद हवाच असं आपला नियम म्हणतो? मालकाची माहिती सीमेपलीकडे पाठवायला परवानगी आहे का, आणि पलीकडच्याने ती कशासाठी वापरावी?

सगळ्यात नाजूक प्रश्न असा: कागदावरची आणि संगणकातली माहिती जुळली नाही तर खरं काय मानायचं? याचं उत्तर नियमात एका वाक्यात लिहा. ‘इलेक्ट्रॉनिक नोंद ग्राह्य’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर सीमेवरचा अधिकारी स्वतःच्या बचावासाठी कागदच मागणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय आधार भरपूर आहे. ट्रान्झिटचं स्वातंत्र्य १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या पाचव्या कलमापासून आहे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ रोजी लागू झाला. त्याचं अकरावं कलम पूर्णपणे ट्रान्झिटवर आहे. माल येण्याआधी कागदपत्रं दाखल करून घेण्याची सोय ठेवा, ट्रान्झिट संपल्यावर हमी विनाविलंब सोडा, सोबत पहारा फक्त जास्त जोखमीच्या वेळी किंवा हमीने भागत नसेल तेव्हाच लावा, अशा गोष्टी त्यात आहेत. रस्त्याने होणाऱ्या वाहतुकीसाठी १९७५ चा टीआयआर करार आहे. त्याला जोडलेलं ईटीआयआरचं, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉनिक रूपाचं, अकरावं परिशिष्ट २५ मे २०२१ पासून अमलात आलं, म्हणजे कागदी कार्नेटशिवाय (प्रवासात सोबत न्यायच्या टीआयआर दस्तऐवजाशिवाय) त्याच कराराखाली माल नेण्याचा कायदेशीर रस्ता मोकळा झाला. आपला देश यांपैकी कशाचा सदस्य आहे ते आधी तपासा. शून्यातून द्विपक्षीय करार लिहिण्यापेक्षा आहे त्या चौकटीत बसणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

पायरी ३ : माहिती कमी मागा, पण तपासून घ्या

ट्रान्झिटचं घोषणापत्र आयातीच्या घोषणापत्राइतकं लांब असायची गरज नाही. माल कोणाचा, काय, किती, कशात भरलेला, कुठून कुठे, कोणत्या वाहनाने, कोणत्या हमीखाली आणि सील क्रमांक काय, इतकं बहुतेक वेळा पुरतं. आयातशुल्काचा अचूक हिशेब शेवटच्या देशात होणारच असतो. तरी प्रत्येक विभाग ‘आमचा एक रकाना ठेवा’ म्हणत येतो. प्रत्येक रकान्यासमोर तो वापरणाऱ्याचं पद आणि वापराचं कारण लिहायला लावा. अर्धे रकाने आपोआप गळतात.

रकान्यांची नावं आणि रचना स्वतः शोधू नका. जागतिक सीमाशुल्क संघटनेचं डेटा मॉडेल घ्या, मालासाठी एचएस हा वर्गीकरणाचा सहा अंकी कोड घ्या, ठिकाणांसाठी संयुक्त राष्ट्रांचे लोकेशन कोड घ्या. दोन देशांच्या यंत्रणा जोडताना यामुळे निम्मं भांडण वाचतं.

तपासणी मात्र भरतानाच हवी. कंटेनर क्रमांक घ्या. चार अक्षरं, सहा अंक आणि शेवटी एक तपासणी अंक, अशी त्याची रचना असते. सीएसक्यूयू ३०५४३८-३ हा क्रमांक पाहा. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, सी म्हणजे १३, एस म्हणजे ३०, क्यू म्हणजे २८, यू म्हणजे ३२. डावीकडून प्रत्येक किमतीला १, २, ४, ८ असं दुप्पट होत जाणाऱ्या आकड्याने गुणायचं आणि बेरीज करायची. ती येते ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी ३, म्हणजे तपासणी अंक जुळला. आता टाइप करताना कोणी मधले ४ आणि ३ उलटे लिहिले तर बेरीज ६३१३ होते आणि बाकी १०. बाकी १० आली की अंक ० धरतात. तो ३ शी जुळत नाही, चूक तिथल्या तिथे पकडली जाते. एवढी तपासणी लिहायला प्रोग्रामरला दुपारही लागत नाही. ती नसेल तर हीच चूक शेकडो किलोमीटर पुढे सीमेवर सापडते. तिथे ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणालाच नसतो आणि ट्रक उभा राहतो.

माहिती एकदाच भरली जावी हा दुसरा नियम. निर्यातीचं घोषणापत्र किंवा जहाजाचा मॅनिफेस्ट, म्हणजे त्यावरच्या मालाची यादी, यंत्रणेत असेल तर ट्रान्झिटचं घोषणापत्र त्यातूनच तयार व्हावं. एजंटाने फक्त वाहन, हमी आणि सील भरावं. तोच मजकूर तीनदा टाइप केला की तीन वेगळे मजकूर तयार होतात.

पायरी ४ : हमीचा हिशेब जिवंत ठेवा

वाहतूकदाराचा खरा पैसा इथे अडकतो, म्हणून इथे जरा थांबू.

हमी दोन प्रकारची. एकेका खेपेसाठी वेगळी, किंवा अनेक खेपांना पुरेल अशी सामायिक. सामायिक हमीत खेप निघाली की मर्यादेतून रक्कम वजा होते आणि खेप बंद झाली की परत जमा होते. समजा एखाद्या वाहतूकदाराची हमी एका वेळी १० ट्रकांना पुरते. प्रवास ४ दिवसांचा आहे, पण पोहोचल्याचा कागद परत येऊन नोंद व्हायला आणखी १६ दिवस लागतात. म्हणजे प्रत्येक ट्रकमागे हमी २० दिवस अडकते. ६० दिवसांत त्याच्या ३० खेपा होतील. आता पोहोचल्याची नोंद त्याच दिवशी आपोआप झाली असं धरा. हमी ४ दिवसच अडकते आणि तेवढ्याच हमीवर १५० खेपा होऊ शकतात. रस्ता तोच, ट्रक तेच, बँकेला दिलेलं कमिशनही तेच.

म्हणून हमीचा हिशेब मुख्य यंत्रणेच्या आत हवा. हमी देणाऱ्या बँकेला, विमा कंपनीला किंवा संघटनेला त्यात थेट नोंद दिसली पाहिजे. घोषणापत्र स्वीकारताना शिल्लक तपासली जावी, माल सुटताना रक्कम वजा व्हावी आणि व्यवहार बंद होताच ती माणसाच्या हाताशिवाय परत यावी. ‘अधिकारी मंजुरी देईल मग सुटेल’ अशी पायरी कोणी मध्ये घालू पाहत असेल तर विरोध करा.

हमीची रक्कम किती ठेवायची हा धोरणाचा भाग. टीआयआरमध्ये एका कार्नेटमागे साधारण १ लाख युरोपर्यंतची मर्यादा चालते. युरोपियन संघात विश्वासू ठरलेल्या व्यापाऱ्याची सामायिक हमी ५० टक्के, ३० टक्के किंवा अगदी शून्यापर्यंत उतरते. चांगल्या वागणुकीचा फायदा रकमेत दिसला तर लोक नियम पाळतात. नुसतं भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र कोणालाच नको असतं.

पायरी ५ : संदेश ट्रकच्या पुढे धावला पाहिजे

आता मुख्य प्रवाह. निघाल्या कार्यालयाने घोषणापत्र स्वीकारलं की यंत्रणा त्याला एक एकमेव क्रमांक देते. युरोपात त्याला एमआरएन म्हणतात आणि तो १८ खुणांचा असतो. माल सुटला त्याच क्षणी दोन प्रकारचे संदेश निघतात. शेवटच्या कार्यालयाला ‘हा माल येतो आहे’ आणि वाटेतल्या प्रत्येक सीमा कार्यालयाला ‘हा माल तुमच्याकडून जाणार आहे’. ड्रायव्हरजवळ फक्त बारकोड असतो. सीमेवर तो वाचला की अधिकाऱ्यापुढे पूर्ण नोंद उघडते. सील पाहायचं, ‘पार झाला’ नोंदवायचं, गेट उघडायचं. शेवटच्या कार्यालयात पोहोचल्यावर एक संदेश ‘आला’ म्हणून जातो, तपासणीनंतर दुसरा ‘सगळं ठीक’ किंवा ‘फरक आढळला’ म्हणून. या दुसऱ्या संदेशावर निघालं कार्यालय व्यवहार बंद करतं आणि हमी सुटते.

इथे तीन ठिकाणी घोडं पेंड खातं. पहिलं, ‘आला’ आणि ‘ठीक’ हे दोन्ही एकाच संदेशात घुसवलेले असतात. मग तपासणीचा निकाल येईपर्यंत माल पोहोचलाय की वाटेत आहे हेच कळत नाही. दोन वेगळेच ठेवा. दुसरं, मुदत संपली तरी संदेश आला नाही तर काय, हे कोणी ठरवलेलं नसतं. यंत्रणेने आपणहून पलीकडे विचारणा पाठवावी, उत्तराला मुदत असावी आणि त्यानंतर वाहतूकदाराला पर्यायी पुरावा द्यायची संधी मिळावी. तिसरं, वाटेत खरोखर काही घडतं. ट्रक बिघडतो, माल दुसऱ्या ट्रकवर चढवावा लागतो, सील तुटतं. ही घटना जवळच्या कार्यालयाला त्याच नोंदीत लिहिता आली पाहिजे. ज्या यंत्रणेत फक्त सरळ प्रवासाची सोय असते तिथे पहिल्या पंक्चरला सगळं काम परत कागदावर येतं.

पायरी ६ : इलेक्ट्रॉनिक सील, पण सरसकट नको

विक्रेते सगळ्यात आधी हेच दाखवतात. नकाशावर हलणारे ट्रक कोणालाही आवडतात. उपयोगही आहे. केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्या कॉरिडॉरवर, म्हणजे ट्रान्झिटच्या ठरलेल्या मार्गावर, प्रादेशिक ट्रॅकिंग व्यवस्था चालते, कोलकाता आणि हल्दिया बंदरांतून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरनाही इलेक्ट्रॉनिक सील लावून पाठवता येतं. जिथे ट्रकांबरोबर पहारेकरी पाठवून काफिले काढले जात तिथे हा मोठा सुधार आहे.

तरी आधी पुढचे प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता अलार्म वाजला तर तो कोण बघणार आणि कोणाला पाठवणार? मोबाइल नेटवर्क नसलेल्या घाटात सील गप्प झालं तर तो अलार्म मानायचा का? सील पलीकडच्या देशात पोहोचलं की परत कोण आणणार, किती दिवसांत, आणि त्याचं भाडं कोण भरणार? बंदरात सील शिल्लक नाही म्हणून ट्रक थांबला तर सुलभीकरण कुठे राहिलं? खोट्या अलार्मांचा भडिमार झाला की नियंत्रण कक्षातली माणसं आठवड्याभरात स्क्रीनकडे बघणं सोडतात.

माझा कल असा: बहुतेक खेपांना आयएसओ १७७१२ मानकाचं साधं मजबूत बोल्ट सील आणि चांगली हमी पुरते. जास्त कराचा माल, नवखा वाहतूकदार किंवा पूर्वी गडबड झालेला मार्ग, एवढ्यांनाच ट्रॅकिंग लावा. ट्रॅकिंगमुळे माल कुठे आहे ते कळतं. शुल्क बुडालं तर ते भरून देणारी हमीच असते, म्हणून एकाच्या जागी दुसरं धरू नका.

पायरी ७ : एक कॉरिडॉर, खरा माल, आणि कागद बंद करण्याची तारीख

पथदर्शी प्रयोगासाठी दोन कार्यालयं आणि त्यांच्यातला एकच मार्ग निवडा. मार्ग सोपा नको, वर्दळीचा हवा. वर्दळ नसलेल्या मार्गावर सगळंच नीट चालतं. ज्या एजंटांच्या रोज खेपा असतात त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, कारण फॉर्ममधल्या खोचा त्यांनाच माहीत असतात.

काही काळ कागद आणि संगणक बरोबरीने चालवावे लागतील. तो काळ किती, हे सुरू करण्याआधी आदेशात तारखेनिशी लिहा. ही तारीख नसली की दुहेरी काम कायमचं होतं आणि लोक म्हणू लागतात, संगणक आल्यापासून काम वाढलं. खरंच वाढलेलं असतं.

यंत्रणा बंद पडल्यावर काय, याची पद्धतही पहिल्या दिवसाआधी तयार हवी. किती वेळ वाट पाहायची, मग कोणता कागदी नमुना, त्यावर कोणता खास शिक्का, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर त्या खेपा कोणी किती वेळात आत भरायच्या. सीमेवरचं इंटरनेट गेलं तरी स्थानिक संगणकावर बारकोड वाचून नोंद साठवता यावी, जोडणी आली की ती आपोआप पुढे जावी. या पद्धतीचा सराव मुद्दाम यंत्रणा बंद करून घ्या. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य एकदा सीमेवर रूढ झालं की काढता येत नाही.

आणि कस्टम्स एकटं नसतं. वाहतूक खातं, वनस्पती आणि प्राणी तपासणी, पोलिस, वजनकाटा, सगळे त्याच रस्त्यावर असतात. कस्टम्सने ट्रक दहा मिनिटांत सोडला आणि पुढच्या खोलीत त्याला चार तास थांबावं लागलं तर ड्रायव्हरच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. सगळ्यांना पहिल्याच दिवशी जोडता येणार नाही, पण त्यांना आगाऊ संदेशाची प्रत तरी द्या. ट्रक येण्याआधी त्यांना कळलं की कुठली खेप तपासायची ते आधीच ठरवता येतं.

वाहतूकदार आणि एजंटांनी काय तयार ठेवावं

स्वतःच्या हमीची शिल्लक रोज बघण्याची सवय लावा आणि मुदत उलटूनही बंद न झालेल्या खेपांची यादी आठवड्याला काढा. विचारणेची नोटीस येण्याआधी तुम्हीच पोहोचल्याचा पुरावा जमवलेला असला तर निम्मी दगदग वाचते. ड्रायव्हरला सील तुटल्यास, ट्रक बदलल्यास कोणत्या कार्यालयात जायचं आणि कोणाला फोन करायचा हे त्याच्या भाषेत एका कार्डावर लिहून द्या. मालाचं वर्णन ‘विविध वस्तू’ असं लिहू नका. जोखीम तपासणारी यंत्रणा असं अघळपघळ वर्णन हमखास बाजूला काढते.

चालू झाल्यावर

मोजायच्या गोष्टी थोड्याच ठेवा. गेट ते गेट वेळ, माल पोहोचल्यापासून हमी सुटेपर्यंतचा वेळ, मुदतीत बंद झालेल्या खेपांचं प्रमाण, खोटे अलार्म, आणि अधिकाऱ्याने यंत्रणेला बाजूला सारून हाताने निर्णय घेतल्याच्या घटना. शेवटचा आकडा सहसा कोणी मागत नाही. तो वाढू लागला तर नियमात किंवा प्रोग्राममध्ये काहीतरी प्रत्यक्षाशी जुळत नाही असं समजा, आणि त्या कार्यालयात जाऊन बघा.

दुसरा देश किंवा दुसरा कॉरिडॉर जोडताना संदेशांची रचना बदलावी लागेल, हे आधीच गृहीत धरा. एनसीटीएसचा पाचवा टप्पा आला तेव्हा सगळे देश एकाच दिवशी त्यावर गेले नाहीत. जुन्या आणि नव्या रचनेतले संदेश एकमेकांत बदलून देणारा दुवा मध्ये ठेवला होता, म्हणून एक देश पुढे गेला तरी शेजाऱ्याचे ट्रक अडले नाहीत. अशा दुव्याचा खर्च आणि त्याची मुदत पहिल्याच करारात लिहून घ्या. पुरवठादार तो नंतर वेगळं काम म्हणून मांडतो, आणि तोवर तुमच्याकडे दुसरा पर्याय उरलेला नसतो.